किती युनिट घेता?

९ जून, सोमवार

दादा,

त्या दिवशी तुला सिरिंज दिली असती तर माझं काय बिघडलं असतं?

हा प्रश्न केंद्रातल्या सिस्टरनी मला शनिवारी विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. मी परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडत नाही यावरून तू मला चिडवायचास. हा सोडला. दोन दिवस झाले, अजून कोराच आहे.

तू हे वाचशील की नाही, ठाऊक नाही. सिस्टर म्हणाल्या, "तू लिही. मी त्याच्या हातात देईन. फाडायचं की वाचायचं ते त्याचं तो बघेल." म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत, सलाईनच्या खोक्यांवर वही ठेवून लिहिते आहे. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते आणि डबा अजून उघडलेला नाही.

तू व्यसनमुक्ती केंद्राच्या वॉर्डात आहेस हे मला कसं कळलं ते आधी सांगते. सिस्टर आमच्याकडे बँडेज आणि कापूस घ्यायला आल्या होत्या. पुलाखाली आणि बाजाराच्या मागे त्यांची गाडी फिरते, नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांकडून जुन्या सुया घेते आणि नव्या देते, हे मी ऐकून होते. खरं सांगायचं तर नाक मुरडूनच ऐकलं होतं. बिल होईपर्यंत त्या सहज बोलत होत्या. गाडी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येते, मधल्या दिवसांत माणसं दुकानांवर अवलंबून असतात, आणि हल्ली दुकानं दारातूनच हाकलतात. "आता आमच्याकडे एक वायरमन आलाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची सुई वापरली. दंडात एवढा पू. रक्त तपासलं तर कावीळ, सी वाली. चांगला माणूस हो. पाठीवर पडला आणि तिथून सगळं सुरू झालं."

माझ्या हातातून कापसाचा गठ्ठा पडला. "शिडीवरून पडलेला?" मी विचारलं.

"तुमच्या ओळखीचा आहे?"

मी हो म्हणाले. भाऊ आहे म्हणाले. आणि लगेच पुढे म्हणाले की तो माझ्याकडे सिरिंज मागायला आला होता, मी परत पाठवलं, पण दाढी वाढलेली, मी ओळखलंच नाही. त्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला.

ती कावीळ गोळ्यांनी बरी होते, दादा. तीन महिने न चुकता घ्याव्या लागतात. हे मी फार्मासिस्ट म्हणून लिहिते आहे, बहीण म्हणून अजून काही लिहायचं धाडस होत नाही.

तुझी,
डॉक्टरीण (तू म्हणायचास म्हणून)


१७ जून, मंगळवार

दादा,

पत्र तू घेतलंस आणि उशीखाली ठेवलंस, एवढं सिस्टरनी सांगितलं. उघडलंस का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुकानं हाकलतात असं त्या म्हणाल्या होत्या, त्याबद्दल आज लिहायचं आहे. ते एका दुकानाचं काम नव्हतं आणि ते आपोआपही झालेलं नाही.

मी इथे लागले तेव्हा मालकांचा नियम एकच होता: तोंड बघून सिरिंज द्यायची. नीट कपडे असले की द्यायची, नसले की नाही. मला ते अन्यायाचं वाटलं. खरंच वाटलं! गरीब माणसाला मधुमेह होत नाही का? म्हणून मी एक पद्धत काढली, सगळ्यांना सारखी. सिरिंज मागणाऱ्याला दोन प्रश्न विचारायचे. टोपण कोणत्या रंगाचं लागतं, आणि किती युनिट घेता? इन्सुलिन घेणारा माणूस झोपेतही सांगेल. ज्याला नशेसाठी हवी आहे तो गडबडतो, "दोन" म्हणतो, नाहीतर "कोणतीही द्या" म्हणतो. मग म्हणायचं, चिठ्ठी घेऊन या.

मालक खूश. "आमच्या इन्स्पेक्टरबाई," असं गिऱ्हाइकांपुढे म्हणायचे. एकदा एक निवृत्त मास्तर गडबडले, त्यांना युनिटचा आकडा आठवेना. ते माझ्यावर असे उखडले! "चाळीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारले. आता या वयात तुझ्यापुढे तोंडी परीक्षा द्यायची का गं?" सगळं दुकान हसलं. मीसुद्धा हसले, पण सिरिंज त्यांनी सुनेला पाठवल्यावरच दिली. मला तेव्हा वाटलं, नियम म्हणजे नियम.

मग मी ती पद्धत औषध दुकानदारांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर टाकली. चार ओळी. खाली मोठ्या ऐटीत लिहिलं, 'आपल्या भागातली तरुण पिढी वाचवू या.' बावीस अंगठे आले. आठवड्याभरात या रस्त्यावरची आणि मागच्या रस्त्यावरची मिळून, आमचं धरून, अकरा दुकानं तेच दोन प्रश्न विचारायला लागली.

सिस्टर काल मला म्हणाल्या, "अचानक सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य कसं आलं, कळत नाही. कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे." मी पाठीमागे वळून फळीवरची खोकी सारखी करत राहिले. ती आधीच सारखी होती.

म्हणजे मी तुला नाही म्हटल्यावर तू जिथे जिथे गेला असशील तिथे तिथे मीच काउंटरवर उभी होते.

त्यांना मी विचारलं, वॉर्डातून सुटल्यावर तो हे सोडेल का? त्या म्हणाल्या, "सोडेल, कदाचित. पहिल्या खेपेला फार थोडे सोडतात. सोडेपर्यंत जिवंत राहिला पाहिजे, आणि नवीन काही आजार लावून घेता कामा नये. एवढंच माझं काम." चौदा जुलैला तुला सोडणार आहेत. मी कॅलेंडरवर खूण केली नाही, पण तारीख डोक्यातून जात नाही. त्या दिवशी ही अकरा दुकानं आज आहेत तशीच असली तर?


२६ जून, गुरुवार

दादा,

तुझा निरोप मिळाला.

सिस्टर सकाळी शटर वर होताच आल्या. म्हणाल्या, "काल बोलला. म्हणाला, तिला विचारा, माल आला का? कसला माल गं? काही औषध मागवलंय का त्याने?"

मी म्हणाले, हो, मागवलं होतं. आणि स्टूलवर बसले.

तू वाचतो आहेस, म्हणजे. तर मग मी आतापर्यंत जे वगळलं ते लिहायलाच हवं. तुला ते सगळं माहीत आहे. पण मला माहीत आहे हे तुला कळायला हवं.

दाढीचा काही संबंध नव्हता. रविवार होता, दुपारचे सव्वाचार. तू रस्ता ओलांडत होतास तेव्हाच मी तुला ओळखलं. पडल्यापासून तू डावा पाय जरासा ओढतोस. तुझ्यापुढे तीन गिऱ्हाइकं होती. कफ सिरप, लहान बाळाचं दूध, आणि एका बाईंची प्रेशरची गोळी. तुझा नंबर येईपर्यंत विचार करायला मला भरपूर वेळ होता आणि तो सगळा मी एकाच विचारात घालवला: मालकांना कळता कामा नये.

तू म्हणालास, "इन्सुलिनच्या सिरिंजा द्या. पाच." मला हाक मारली नाहीस. ओळख दाखवली नाहीस. तू माझी लाज राखत होतास, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं.

मी विचारलं, "टोपण कोणत्या रंगाचं?"

"लाल."

"किती युनिट घेता?"

तू पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलंस. "सकाळी बावीस, संध्याकाळी चौदा."

बाबांचे आकडे. मी सातवीत आणि तू दहावीत होतास तेव्हापासून बाबा जाईपर्यंत सकाळ-संध्याकाळ तूच टोचायचास. आईचा हात थरथरायचा आणि मी तोंड फिरवून भिंतीकडे बघायचे. "आणि ही म्हणे फार्मसीला जाणार!" तू हसायचास. शाळा तू सोडलीस, कॉलेजात मी गेले. बाबांचं पोट, मांडी, दंड, रोज जागा बदलायची, हे मी पुस्तकात वाचलं त्याच्या कितीतरी आधी तुझ्या हाताला माहीत होतं.

माझ्या परीक्षेत तुला पैकीच्या पैकी मार्क पडले आणि मी तुला नापास केलं.

"स्टॉक संपलाय," मी म्हणाले. "पुढच्या दुकानात बघा हो."

खोकं माझ्या मागच्या फळीवर होतं, नुकतंच फोडलेलं. तू आधी त्याच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "बरं, ताई," म्हणालास.

मला. ताई.

मालकांनी आतून विचारलं, "कोण गं? ओळखीचा होता का?"

मी म्हणाले, "नाही."

तू तेव्हा पायरीवरच होतास. पाठीमुळे तुला पायरी उतरायला वेळ लागतो. तू ऐकलंस. ऐकलं नसेल अशी आशा मी कितीतरी दिवस धरली होती, पण मालकांचा प्रश्न मला जेवढ्या मोठ्याने ऐकू आला तेवढ्याच मोठ्याने मी उत्तर दिलं होतं.

तर, माल आला का? माल होताच, दादा. माणूस नव्हता काउंटरवर.


३ जुलै, गुरुवार

दादा,

आईला सांगितलं.

तू घर सोडलंस तेव्हा आपण दोघांनी मिळून तिला थाप मारली होती की तुला लांब टॉवर उभारायच्या कामावर घेतलंय, फोन लागत नाही. 'या घरात सुई दिसली तर तू किंवा मी' हे मी तुला म्हणाले होते, तेही तिला कधी कळलं नव्हतं. आठ महिने ती शेजारणींना टॉवर किती उंच असतात ते सांगत होती.

रविवारी दुपारी ती एका पँटची चेन बदलत होती. मी समोर बसले आणि पडल्यापासूनचं एकेक करून सांगितलं. पाठीची इंजेक्शनं, मग डॉक्टरांनी ती बंद केली तरी न थांबलेलं दुखणं, मग तुझी ती दुसरी इंजेक्शनं, वॉर्ड, कावीळ. मला वाटलं ती रडेल, कपाळावर हात मारून घेईल. ती चेन उसवत राहिली. मग मी दुकानातलं सांगितलं. तेव्हा तिचा हात थांबला.

"बघा हो म्हणालीस?"

"हो."

"सख्ख्या भावाला? बघा हो?"

"आई, मालक होते, गिऱ्हाइकं होती..."

"गिऱ्हाइकं!" तिने पँट बाजूला ठेवली. "माझी पोर शिकली, माझी पोर शिकली, म्हणून गल्लीत मिरवले गं मी. आणि शिकून काय आलं तुला, तर हे?"

त्यानंतर दोन दिवस बोलली नाही. चहा माझ्यापुढे ठेवायची, पण कप जरा जोरात. तिसऱ्या दिवशी मी चपला घालत होते तर पाठीमागून विचारलं, "ती सुई कशी असते? बाबांची असायची तशीच?"

"तशीच. तीच."

"एवढीशी तर असते," ती म्हणाली. "द्यायची होतीस."

तिला तुला भेटायचं आहे. मी तिला सांगितलं की तू हो म्हटल्याशिवाय नाही. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, मी काही विचारणार नाही." आई आणि काही विचारणार नाही! पण या वेळी मला वाटतं ती खरंच विचारणार नाही. मला मात्र तू बोलाव असं मी म्हणत नाही.

अजून एक. काल सुट्टीत मी नियमांचं पुस्तक काढलं, कॉलेजातलं, आणि सरकारी परिपत्रकांची फाइल काढली. सिरिंज चिठ्ठीशिवाय विकू नये असं कुठे लिहिलंय ते शोधत होते. कुठेच नाही. दोनदा वाचलं. मालक म्हणत होते म्हणून मी धरून चालले होते, आणि माझ्या ऐटीमुळे बाकीचे धरून चालले. जी मुलगी प्रत्येक गोष्ट पुस्तकात बघून मगच बोलते म्हणून घरात सगळे हसायचे, तिने हे एक बघितलं नव्हतं. कारण तिला उत्तर आधीच आवडलं होतं.


११ जुलै, शुक्रवार

दादा,

आजचं लिहिणं कामाचं आहे, म्हणून नीट वाच.

मंगळवारी मी मालकांना म्हणाले, आजपासून सिरिंज मागणाऱ्या मोठ्या माणसाला मी काही विचारणार नाही. ते आधी हसले. "इन्स्पेक्टरबाईंची बदली झाली का?" मी हसले नाही तेव्हा पेन खाली ठेवलं.

"अगं, रांग लागेल त्यांची दारात. चांगली गिऱ्हाइकं तुटतील."

"रांग आत्ताही लागते, काका. पुलाखाली. एका सुईसाठी."

"हे तुला कोणी शिकवलं?"

मी म्हणाले, "मे महिन्यात एक माणूस आला होता, पाय ओढत. तुम्ही विचारलंत ओळखीचा का, आणि मी नाही म्हणाले. तो माझा भाऊ होता. त्याने उत्तर बरोबर दिलं होतं, तरी मी त्याला घालवलं. आता तो वॉर्डात आहे."

मालकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. तुझ्याबद्दल सांगायचा मला काय अधिकार, असं तू म्हणशील. पण ज्या माणसासमोर मी तुला नाकारलं त्याच्याच समोर ते परत घ्यायला हवं होतं, दुसरीकडे घेऊन भागलं नसतं. दुकानदारांपैकी बाकी कोणालाही मी तुझ्याविषयी सांगितलेलं नाही.

मग ते म्हणाले, "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर माझं सर्टिफिकेट भिंतीवरून काढून घेऊन जाईन." दुकान माझ्या सर्टिफिकेटवर चालतं, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. इतके दिवस मी ते कधी तोंडावर आणलं नव्हतं. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात.

"पाटी लावायची नाही," ते शेवटी म्हणाले. "आणि खोकं काउंटरखाली." मी म्हणाले, चालेल. त्यांच्या खुर्चीपर्यंत गेलेली मी अर्धीच गोष्ट घेऊन परत आले, पण घेऊन आले.

त्याच दुपारी ग्रुपवर लिहिलं. तीन वेळा खोडून चौथ्यांदा पाठवलं. ते असं होतं:

'इन्सुलिन सिरिंजसाठी रंग आणि युनिट विचारायची पद्धत मी काढली होती आणि मीच इथे टाकली होती. ती चुकीची होती. असा कोणताही नियम नाही, मी आता तपासलं आहे. ज्यांना आपण परत पाठवतो ते नशा थांबवत नाहीत, दुसऱ्याची सुई वापरतात. माझ्या काउंटरवरून परत गेलेला एक माणूस त्यामुळे आजारी पडला आहे. त्याने माझ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली होती, तरी मी खोटं बोलून त्याला परत पाठवलं. कृपया हे प्रश्न विचारणं बंद करा.' खाली माझं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक.

या वेळी बावीस अंगठे आले नाहीत. तासाभराने एकाने लिहिलं, 'समाजसेवा स्वतःच्या घरी करा.' दुसऱ्याने लिहिलं, 'आधी अक्कल शिकवायची, मग माफी मागायची, छान.' त्याचं बरोबर आहे. दोघे ग्रुप सोडून गेले. गेले तीन दिवस मी सुट्टीत एकेका दुकानात जाऊन उभी राहिले आहे. काहींनी बसायलाही सांगितलं नाही. मागच्या रस्त्यावरचे एक जण, माझ्याच वयाचे असतील, माझं बोलणं संपायच्या आत म्हणाले, "पाय ओढणारा ना? माझ्याकडेही आला होता त्या दिवशी. मीही विचारलं, आणि त्याने उत्तर दिलं. मला वाटलं पाठ करून आलाय." मग ते म्हणाले, "माझं नाव लिहून घ्या तुमच्या यादीत."

अकरातली चार दुकानं तयार झाली. मला वाटलं होतं जास्त होतील. यादी अशी आहे:

पाण्याच्या टाकीजवळचं, जिथे जाड चष्म्याच्या बाई बसतात. मागच्या रस्त्यावरचं, हिरव्या शटरचं, हेच ते मघाचे. दवाखान्याच्या फाटकासमोरचं, पण तिथे सकाळीच जा, दुपारी त्यांचे सासरे असतात आणि ते अजून कुरकुरतात. आणि चौथं आमचं.

आमचं सोडलं तर यातल्या कोणालाही तू कोण हे माहीत नाही. हिरव्या शटरवाले चेहऱ्याने ओळखतील, पण मी त्यांना तू माझा कोण हे सांगितलेलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. 'पाच द्या' म्हणायचं, एवढंच. जुन्या सुया टाकायला टाकीजवळच्या बाईंनी एक बंद डबा ठेवला आहे, तो दाराशीच आहे.

तू सोमवारी सुटल्यावर या सगळ्याची गरजच पडू नये असं मला वाटतं. ते मी देवाजवळ म्हणेन, तुझ्याजवळ नाही म्हणणार.

आमच्या दुकानात यायचं नसेल तर येऊ नकोस. रविवारी टाकीजवळचं उघडं असतं. मी जाऊन विचारून आले आहे.